सव्विसाव्या घरातला ळ

नारायण पेठ, पुणे ३०
गुरुवार, सकाळचे सव्वानऊ

अनिरुद्ध यास,

हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते टेबल मी केलेलं आहे. (सागवान. एका मोडलेल्या पलंगाचं. चारही पाय सारखे. खाली कागदाची घडी घालावी लागत नाही.) डोक्यावर फिरतो आहे त्या पंख्याची तार मी गुंडाळलेली आहे. शाई मी केलेली आहे, हिरडा आणि हिराकस घालून. लिहिताना फिकट दिसते पण दिवस जातील तशी गडद होते, तेव्हा तुझ्या हाती पडेपर्यंत काळीभोर झालेली असेल. पाकीट मी कापलेलं, खळ मी शिजवलेली, चष्म्याची डावी काडी मी बसवलेली. याशिवाय एक रेडिओ, आनंदीच्या शिलाई मशीनचं पायडल, जिन्यातला आपोआप विझणारा दिवा (आपोआप लागत नाही, त्यावर काम चालू आहे) आणि संगणकावर मराठी लिहिण्यासाठी १९९७ साली केलेला 'टाक'. यातलं काहीही मी कोणाकडे शिकलेलो नाही. यापुढे एक वाक्य होतं, की यातलं काहीही आजवर चुकलेलं नाही. ते खोडलं. खोडल्याची जागा तुला दिसेलच. का खोडलं, त्याचं हे पत्र आहे.

मायन्याचं म्हणशील, तर तू माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा. त्यामुळे 'चि.' लिहिता येत नाही. अकराच दिवसांनी मोठा, त्यामुळे 'ती.' लिहवत नाही. 'प्रिय' लिहावं, तर आपण बोलत नाही त्याला सव्वीस वर्षं झाली. (सव्वीस. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) म्हणून नावाआधी बोटभर जागा कोरी सोडली आहे. तुला बरं वाटेल ते तिथे भर आणि मीच लिहिलं असं समज. इकडे आम्ही ठीक. खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, गुडघा कसा आहे? उजवा. गेल्या मे महिन्यात डेक्कनला तू रस्ता ओलांडताना दिसलास तेव्हा आखडून चालत होतास. मी रिक्षात होतो, म्हणून हाक मारता आली नाही. (रिक्षा उभी होती. सिग्नल लाल होता. नव्वद सेकंदांचा.) नम्रतावहिनींना नमस्कार सांग. मी त्यांना ज्या कारणासाठी लक्षात असेन, त्याच कारणाविषयी हे पत्र आहे, हेही सांग.

तर झालं असं. गेल्या श्रावणात फोन आला, मुलीचा आवाज. "नमस्कार, श्यामसुंदर जोग सर बोलताय का?" मी म्हटलं, जोग शेजारच्या बोळात राहतात, शेगड्या दुरुस्त करतात, दुपारी झोपतात. आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती पोरगी खरोखरच जोगांकडे गेली. जोगांनी तिला दीड तास बसवून घेऊन बर्नरच्या भोकांविषयी माहिती दिली (चुकीची, मी नंतर विचारून घेतली) आणि शेवटी म्हणाले, "कॉम्प्युटर? मग तुम्हाला तो मागचा जोगळेकर पाहिजे असेल. तो नावातसुद्धा तीन अक्षरं जास्तीची लावतो." अशा रीतीने आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली तनुजा आमचा जिना चढली. दारावरची पाटी तिने दोनदा वाचली. "म्हणजे तुम्ही जोग नाही?" "जन्मापासून नाही." "पण सर, दोन देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नोंदीत तुम्ही जोग आहात." आतून आनंदी म्हणाली, "मग त्या जोगांना सांगा, गच्चीची टाकी धुवायची पाळी आज तुमची."

तनुजाने सांगितलं ते आधी समजून घे, कारण मला समजायला दोन चहा लागले. आपलं आणि उत्तरेकडच्या एका थंड देशाचं, अशा दोन राष्ट्रीय ग्रंथालयांनी करार केला आहे. पुस्तक कपाटात ठेवलं की शंभर वर्षं तरी निवांत असतं, वाळवीचा काय तो प्रश्न. पण फ्लॉपीवरचा, चकतीवरचा मजकूर नुसता ठेवून भागत नाही. चकती जगली तर ती वाचणारं यंत्र मरतं, यंत्र जगलं तर ते चालवणारा माणूस निवृत्त होऊन बाणेरला राहायला जातो. म्हणून एकाने दुसऱ्याचा मजकूर आपल्याकडे ठेवायचा, दुसऱ्याने पहिल्याचा. आपण गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली ठेवतो तसं. आणि दर महिन्याला दोन्हीकडच्या प्रतींचा ताळा घ्यायचा. म्हणजे मजकुरातल्या सगळ्या आकड्यांवरून एक उत्तर काढायचं, आणि त्यांचं उत्तर आणि आपलं उत्तर एक आलं की समजायचं, कुठे काना हलला नाही की मात्रा झिजली नाही. (हे मला फार आवडलं. दोन देश दर महिन्याला पत्र लिहून एकमेकांना सांगतात, तुमचं आमच्याकडे सुखरूप आहे. आपण दोघं चार किलोमीटरवर राहून...असो.) त्यांच्याकडे आहे एक डबा, आणि त्यात नऊ फ्लॉप्या. त्यावर एका मराठी नियतकालिकाचा मजकूर, म्हणून उलगडायचं काम आपल्याकडे, आणि त्याचे संपादक शोधायचं तनुजाकडे. त्या नियतकालिकाचं नाव काय म्हणून विचारलं, तर तनुजा वहीत बघून म्हणाली, "व."

"व?"

"हो, नुसतं 'व'. पुण्यातून निघायचं, १९९७ ते ९९. संपादक श्यामसुंदर जोग आणि अनिरुद्ध के. हे के. दक्षिणेकडचे होते का?"

अनिरुद्ध, मी हसलो नाही. तू असतास तर हसला असतास आणि मग मीही हसलो असतो. पण मी एकटा होतो, आणि माझ्या डोळ्यांपुढे ही खोली आली. हीच खोली, तिसरा मजला, एप्रिलची दुपार, पत्रा तापलेला, टेबलफॅन संगणकाकडे वळवलेला (आपल्याकडे नाही, कारण तो तापला तर बंद पडायचा आणि आपण तापलो तर फक्त भांडायचो). तू मांडी घालून लेख टाइप करतो आहेस, मी छपाईला लावतो आहे, आणि तुझी आई, माझी यमुनामावशी, डब्यातून साबुदाण्याची खिचडी घेऊन तीन जिने चढून आली आहे आणि दम खात विचारते आहे, "किती झालं?" तो प्रिंटर आठवतो? एक पान छापायला चार मिनिटं, आणि आवाज असा की जोगांनी चौकीवर जाऊन सांगितलं होतं, मागच्या माडीवर पोरं नोटा छापतात. हवालदार आला, त्याने चौथा अंक उभ्याउभ्या चाळला आणि "हे कोण विकत घेतं?" असं विचारून वर्गणीदार होऊन गेला. चौऱ्याऐंशी वर्गणीदार होते आपले. मी सायकलवरून पेठा करायचो, तू कोथरूड, आणि हडपसरच्या एकमेव वर्गणीदारासाठी दोघं मिळून जायचो, कारण परत येताना उसाचा रस. नाव मावशीनेच दिलं होतं. चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलेली बाई; म्हणाली, "पोरांच्या अक्षराला वळण मी लावलं. माणसाला लागतं का ते तुम्ही बघा." म्हणून 'वळण'. ते 'व' झालं होतं.

आणि ती उंच बाई, मराठी शिकायला आलेली. नाव इंगे. मावशीने पहिल्याच दिवशी तिची इंगळेबाई केली. निघताना तिने नऊ अंकांच्या फ्लॉप्या आठवण म्हणून मागून घेतल्या, पुढे म्हातारपणी आपल्या देशाच्या ग्रंथालयाला दिल्या. तोच हा डबा. नवव्या अंकाच्या आभारांच्या यादीत आपण तिचं नाव लिहिलं होतं, इंगळेबाई म्हणून. नोंदीत ते 'इंग' झालं आहे. सगळ्या यादीत तेवढंच एक नाव मोडल्यावर बरोबरच्या जवळ गेलं.

यावर कळस असा की 'व' या नियतकालिकावर तिकडे एका विद्वानाने एकतीस पानांचा निबंध लिहिला आहे. तनुजाने मला वाचून दाखवला, भाषांतर करत. त्याचं म्हणणं, पुण्याच्या या तरुणांनी शीर्षकासाठी जोडणारा शब्द निवडला, ज्याच्या पुढे काहीही येऊ शकतं आणि काहीच येत नाही. त्यांचा प्रत्येक लेख वाक्याच्या मध्ये, नव्हे शब्दाच्या मध्ये, थांबतो. पूर्णत्वावरचा हा अविश्वास आहे. (आपल्याला पूर्णत्वावर अविश्वास! मी समासाची रुंदी पट्टीने मोजायचो.) माझ्या 'पावसाचं पाणी गच्चीवरून कसं काढावं' या लेखाचा शेवट 'प्रथम पन्ह' असा झाला आहे, आणि 'पन्ह' म्हणजे कोकणी संस्कृतीतलं एक पेय असून तिथे लेखक तहानेपाशी थांबतो, असं तो माणूस लिहितो. तो शब्द 'पन्हळ' होता.

यानंतर आलं हडपसर. उलगडण्याचं तांत्रिक काम तिथल्या एका कंपनीकडे दिलेलं आहे. मी आणि तनुजा बसने गेलो. काचेची इमारत, आत थंडी, आणि विक्रम नावाचा प्रमुख, वय पस्तिशीचं. "सर, वेलकम! एकदम लेजंड आहात तुम्ही." मग पडद्यावर दाखवलं. सहा-सात वर्षांपूर्वी आठ महिने काम करून त्यांनी निष्कर्ष काढला होता की फ्लॉप्या वयोमानाने खराब झाल्या, मजकूर मधोमध नासला. तसा अहवाल दोन्ही ग्रंथालयांना गेला होता, दोन्हीकडे मान्य झाला होता, आणि तो तसा तुटका मजकूर दोन्ही देशांत महिन्याच्या महिन्याला ताळा घेऊन जपला जात होता. मी विचारलं, फाइल केवढी आहे ते दाखवा. सवयीने विचारलं. नवव्या अंकातली, चौदाव्या पानाची. पडद्यावर आकडा आला, अकरा हजार तीनशे आठ. आणि मजकूर किती दिसतो? मी मोजला. मोकळ्या जागा धरून एकवीस खुणा. पोत्यात एक शेंगदाणा. आणि नासकं म्हणाल, तर सगळ्या फाइली नेमक्या स्वच्छ शब्दात थांबतात. नासणारी वस्तू अशी शिस्तीत नासत नाही. मी विक्रमला म्हटलं, फ्लॉपी चांगली आहे. तो म्हणाला, "सर, रिपोर्ट तर सबमिट झालाय."

चौदावं पान कोणतं, ते तुला सांगायला नको. तरी क्रम लागावा म्हणून लिहितो. मावशी गेली त्या जानेवारीनंतर तू चार दुपारी इथे बसून तिच्यावर लेख लिहिलास, 'दुधाचं भांडं'. कागदावर नाही, थेट टाकमध्ये. मला वाचायला दिला नाहीस, म्हणालास छापल्यावर वाच. अंकाचे मथळे छापून झाले होते, आणि नेमकी प्रिंटरची पिन मोडली. म्हणून तेवढी एक फाइल मी फ्लॉपीवर घालून छापखान्यात दिली. तिथे दुसऱ्या यंत्रावरून छापून घेतली. अंक आला. चौदाव्या पानावर मथळा, तुझं नाव, आणि त्याखाली 'आई गेली त्या दिवशी सका'. त्यापुढे चार पानं पांढरी. तुझा चेहरा मला अजून दिसतो. छापखानेवाला म्हणाला, होतं तेवढं छापलं. आणि मी, पंधरा-वीस माणसं जमलेली असताना, हातात पेढा असताना, म्हणालो, "तू साठवायचं बटणच दाबलं नसशील. यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो." तू चपला घातल्यास. त्यानंतर आजतागायत तू समजतोस की आईवरचं ते सगळं तुझ्याच हाताने गेलं.

ती फाइल माझ्याच संगणकात पुढे वर्षभर होती. तू गेल्यावर मी ती टाकमध्ये उघडून बघितली असती तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. बघितली नाही. ज्याची खात्री असते तो बघत नाही. मग तो संगणक मोडीत काढला. (सुटे भाग काढून घेऊन. त्यातल्याच ट्रान्सफॉर्मरवर जिन्यातला दिवा आहे.)

हडपसरहून आलो आणि माळ्यावरून टाकची वही काढली. तुला आठवत असेल, मी छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होतो, त्या खिळ्यांच्या पेटीला जशी घरं असतात तशीच संगणकाच्या अक्षरांना दोनशे छप्पन्न घरं असतात, त्यांतल्या बऱ्याच घरांत इंग्रजी आधीच राहत होती. उरलेल्या घरांत मी आपली बाराखडी बसवली, अर्धी अक्षरं, रफार, उकार, सगळं. प्रत्येक अक्षर मावशीने आलेखाच्या कागदावर काढून दिलेलं, ठिपक्या-ठिपक्याने. ळ मी तिला शेवटी दिला. तिने तो तीनदा काढला, "याची दोन्ही पोटं सारखी आली पाहिजेत, नाहीतर तो कुबडा दिसतो" म्हणत. तो येईस्तोवर घरं भरली होती. एकच मोकळं दिसलं, सव्विसावं. तिथे मी ळ ठेवला. वहीत माझ्या अक्षरात आहे, '२६ : ळ'. आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने, बारीक, तुझ्या अक्षरात, 'इथे का? हे घर कशासाठी तरी राखलेलं असेल.' त्याखाली पुन्हा मी, शाईने, 'रिकामं आहे.' दोनदा अधोरेखित.

रिकामं नव्हतं. त्या काळच्या यंत्रांत सव्वीस म्हणजे 'मजकूर संपला'. वाचत वाचत यंत्र सव्विसापाशी आलं की शाळा सुटल्यासारखं उठून जातं. माझ्या टाकला हे माहीत नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं. म्हणून टाक आपला सरळ पुढे वाचायचा आणि पहिले आठ अंक बिनतक्रार निघाले. टाक प्रत्येक नाव, मथळा, लेख वेगळ्या फाइलीत ठेवायचा, आणि बाकी जगातलं प्रत्येक यंत्र त्या प्रत्येक फाइलीतल्या पहिल्या ळ पाशी थांबलं. वळण, केळकर, जोगळेकर, पन्हळ, सकाळ. नावात ळ असलेल्या माणसाने ळ च्या ठिकाणी पूर्णविराम ठेवला, आणि दोन देशांनी मिळून ती चूक सहा-सात वर्षं जपली, एका ठिपक्याचाही फरक पडू न देता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हडपसर. पडद्यावर तिकडच्या ग्रंथालयाची चार माणसं, इकडे तनुजा, विक्रम आणि मी, मांडीवर वही. मी म्हटलं, फ्लॉपी निर्दोष आहे, चूक माझी आहे. तनुजाने भाषांतर केलं. पडद्यावरच्या बाई आनंदाने काहीतरी म्हणाल्या. तनुजा म्हणाली, "सर, त्या म्हणतात, हे या प्रणालीचं खास वैशिष्ट्य म्हणून नोंदवू." मी म्हटलं, वैशिष्ट्य नाही, चूक. मग ते फॉर्म शोधू लागले. दोषाचं कारण या रकान्यात चारच पर्याय होते, माध्यमाची झीज, यंत्रातला बिघाड, प्रत करताना झालेली हानी, आणि अज्ञात. मी म्हटलं, यात माणूस नाही. विक्रम म्हणाला, "सर, 'अज्ञात' टाकूया ना, काय फरक पडतो?" मी म्हटलं, मी अज्ञात नाही, माझा पत्ता नारायण पेठ, पुणे तीस. पर्याय वाढवायचा तर दोन्ही देशांची संमती लागते, समिती बसते, मसुदा जातो, येतो. तीन महिने लागले. मी दर सोमवारी फोन केला. आता दोन्ही ग्रंथालयांच्या फॉर्मवर पाचवा पर्याय छापलेला आहे, 'कर्त्याची चूक'. आणि त्या पर्यायावर आजवर एकच नोंद आहे. पूर्ण आडनावासकट, मी ळ तपासून घेतला.

मग मी त्यांना छोटी दुरुस्ती लिहून दिली. मूळ फ्लॉपी जशी आहे तशीच ठेवायची, हे त्यांचं तत्त्व मला पटतं. फक्त वाचणाऱ्या यंत्राला सांगायचं, सव्वीस दिसला तर थांबू नकोस, तो ळ आहे, पुढे जा. बटण दाबलं आणि 'आई गेली त्या दिवशी सका' याच्यापुढे मावशीचा तो ळ उमटला. दोन्ही पोटं सारखी. आणि मग थांबेचना. 'सकाळी तिने दूधवाल्याला माप धरून ओरडायला सुरुवात केली...' तनुजाने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

तू लिहिलं आहेस ते तुला आठवतं की नाही मला माहीत नाही. तिसऱ्या पानावर मावशी तुला म्हणते, "अन्या, तू चुकतोस, त्याची मला चिंता नाही, तुला सवय आहे. त्या श्यामचं कठीण आहे. तो कधी चुकत नाही. एकदा चुकला तर पुढे काय करायचं ते त्याला कळायचं नाही. तेव्हा तू त्याच्याजवळ राहा." हे तू एकोणीसशे नव्व्याण्णव साली छापायला दिलं होतंस. मी ते पाच महिन्यांपूर्वी वाचलं. वाचताना चष्मा दोनदा पुसावा लागला (हडपसरला थंडी फार ठेवतात, काचांवर वाफ येते).

बाकी विशेष काही नाही. टाक चांगला होता असं मला अजूनही वाटतं. दोनशे पंचावन्न घरं बरोबर होती.

तुझा,
श्यामसुंदर जोगळेकर

ता. क. १ : सोबत ग्रंथालयांचा संमतीचा फॉर्म आहे. लेख तुझा, तेव्हा तो दोन्ही देशांत जपायचा की नाही, हे तू ठरवायचं. सही दोन ठिकाणी. नुसतं 'अनिरुद्ध के' लिहू नकोस, आधीच तिकडे तुला दक्षिणेतला समजतात. फॉर्मच्या मागच्या बाजूला दोषाचं कारण छापलेलं आहे, ते वाचायची सक्ती नाही. वाच.

ता. क. २ : पाकिटात चार पानंही आहेत. जुन्या प्रिंटरची पिन बदलली (मी केली), वहीवरून टाक दुसऱ्या संगणकावर पुन्हा उभा केला आणि त्यातून छापली, त्याच अक्षरात, त्याच मापाची. नवव्या अंकाची प्रत तू ठेवली असशील तर चौदाव्या पानापासूनच्या कोऱ्या पानांवर चिकटव. नसशील ठेवली, तर माझी आहे. ती घेऊन मी कोथरूडला येऊ शकतो, किंवा तू रविवारी इकडे ये. आनंदी अळूची भाजी करणार आहे. जिना तीन मजल्यांचा आहे, गुडघ्याला सोसेल तसा चढ. मध्ये बसायला दुसऱ्या मजल्यावर फळी ठोकली आहे. काल ठोकली.

ता. क. ३ : तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून सांगतो. समिती बसलेली असताना विक्रम आंबा बर्फी घेऊन घरी आला होता. 'फ्लॉपी वयोमानाने खराब झाली होती' एवढ्या एका ओळीखाली मूळ कर्ता म्हणून मी सही करायची. त्यांचा अहवाल खरा ठरला असता, माझा टाक निर्दोष राहिला असता, आणि तुला कधी काही कळलं नसतं. त्या सहीचे ते एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये देत होते. मी नको म्हटलं.